सरकारी काम आणि बदलते पर्यावरण नियम : सीमाभागातील पंचायत सदस्य, शेतकरी आणि कंत्राटदारांसाठी मार्गदर्शक

जोयडा तालुक्यातील कॅसलरॉकपासून गोव्यातील कुळेपर्यंतच्या लोहमार्गाच्या दुहेरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने ९ मे २०२२ रोजी रद्द केली. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेच्या यादीत लोहमार्गांचा समावेश नाही, त्यामुळे या कामाला पर्यावरण मंजुरी लागत नव्हती. तरीही वन्यजीवांवरील परिणामांचा पुरेसा अभ्यास झालेला नाही, या मुद्द्यावर काम अडले आणि सविस्तर अभ्यास करून पुन्हा अर्ज करण्याची वाट तेवढी रेल्वेला मोकळी राहिली. आपल्या भागातील सार्वजनिक कामांचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने यातून एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती अशी की एखाद्या नियमातून सूट मिळाली म्हणून काम सर्व नियमांतून सुटत नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हल्याळ, जोयडा या पट्ट्यात रस्ते, बायपास, धरणे, पाणीयोजना, सांडपाणी प्रकल्प आणि सरकारी इमारती यांवर जनतेचा पैसा खर्च होतो. काम अर्ध्यावर थांबले की जमीन गेलेल्या शेतकऱ्याचे पीक जाते, कंत्राटदाराची यंत्रे उभी राहतात, अंदाजपत्रक फुगते आणि पावसाळ्यात उकरलेल्या रस्त्याचा चिखल लोकांच्या वाट्याला येतो. नियम डावलून काम रेटले, तर ओढे बुजतात, शिवारात पाणी साचते आणि एकदा तुटलेले घाटातले जंगल पुन्हा उभे राहत नाही. या दोन्ही गोष्टी टाळता येतात असे मला मनापासून वाटते, मात्र त्यासाठी कागद वेळेवर आणि योग्य क्रमाने वाचावे लागतात. हे काम कोणत्या प्रकारचे आहे, ते कोणत्या जमिनीवर होणार आहे आणि कोणत्या तारखेचा नियम त्याला लागू होतो, हे तीन प्रश्न आधी सोडवायचे असतात. यांतील तिसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत, आणि बहुतेक वाद नेमके तिथेच उभे राहतात.

पहिली पायरी : काम यादीत कुठे बसते ते ठरवा

पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ चा आहे. त्याखाली १९९४ साली पहिली पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना निघाली आणि १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने तिची जागा घेतली. आज जी पर्यावरण मंजुरी दिली जाते ती या दुसऱ्या अधिसूचनेखाली दिली जाते. तिच्या यादीतील 'अ' वर्गातील प्रकल्प दिल्लीत केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाकडे जातात आणि 'ब' वर्गातील प्रकल्प राज्यस्तरीय प्राधिकरणाकडे, म्हणजे आपल्यासाठी बंगळूरला. 'ब' वर्गाचेही दोन भाग असून 'ब-२' मधील प्रकल्पांना सविस्तर अहवाल आणि जनसुनावणी लागत नाही. म्हणून प्रकल्प कोणत्या वर्गात टाकला आहे, हे पाहिल्याशिवाय पुढची कोणतीही मागणी करू नये.

रस्त्यांच्या बाबतीत गोंधळ सर्वांत जास्त होतो. नव्याने होणारा राष्ट्रीय महामार्ग यादीत येतो. जुन्या राष्ट्रीय महामार्गाचे रुंदीकरण मात्र केवळ ठरावीक मर्यादेपुढेच येते. २००६ मध्ये ही मर्यादा ३० किलोमीटर लांबीची होती. २०१३ च्या ऑगस्टमधील दुरुस्तीने ती १०० किलोमीटरवर गेली आणि जोडीला जादा जमिनीची रुंदी आहे त्या मार्गावर ४० मीटरपेक्षा, तर वळणमार्गावर किंवा बायपासवर ६० मीटरपेक्षा अधिक असावी, अशी अट आली. म्हणजे ६० किलोमीटरचे एखादे रुंदीकरण २०१२ साली मंजुरीच्या कक्षेत येऊ शकत होते, पण तेच काम २०१४ साली कक्षेबाहेर राहिले. राज्य महामार्ग नवा असेल तर तो यादीत येतो. रुंदीकरण असेल तर ते समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून उंच डोंगराळ भागात किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात असल्यासच येते. गावाला जोडणारा ग्रामीण रस्ता या यादीत नाही.

येथे एका गोष्टीकडे डोळे उघडे ठेवून पाहावे लागते. लांब रस्ता अनेक पॅकेजमध्ये विभागून निविदा काढण्यात गैर काही नाही, कारण एकाच कंत्राटदाराला सगळे काम झेपत नाही. पण निविदेची पॅकेजे आणि मंजुरीसाठी मोजायची लांबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सविस्तर प्रकल्प अहवालात रस्ता सलग दाखवला असेल आणि मंजुरीच्या कागदात तो तुकड्यांनी मोजला असेल, तर तो प्रश्न लेखी विचारलाच पाहिजे. पुढे न्यायालयात हाच मुद्दा आल्यास नुकसान सर्वांचेच होते.

सिंचनाच्या कामात २०१८ च्या दुरुस्तीने २,००० हेक्टरपर्यंतच्या लाभक्षेत्राच्या लहान योजना मंजुरीतून वगळल्या. पिण्याच्या पाण्याच्या योजना यादीत नाहीत, आणि याच मुद्द्यावर खानापूर तालुक्यातील कणकुंबी परिसरातला, म्हादई खोऱ्यातील पाणी वळवणारा कळसा-भांडुरा प्रकल्प वर्षानुवर्षे चर्चेत आहे. म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला आणि २७ फेब्रुवारी २०२० रोजी तो राजपत्रात आला. त्याआधीच २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने पिण्याच्या पाण्याची योजना म्हणून या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरीची गरज नसल्याची भूमिका घेतली होती. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने सुधारित प्रकल्प अहवालाला मान्यता दिली. एवढे होऊनही वनजमीन आणि वन्यजीव यांच्या मंजुऱ्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे उभाच राहिला. आपल्याला हा प्रकल्प हवा असो वा नको, त्याच्या बाजूने किंवा विरोधात बोलताना कोणती मंजुरी मिळाली आहे आणि कोणती बाकी आहे, हे वेगवेगळे सांगता आले पाहिजे.

इमारतींसाठी सर्वसाधारण मर्यादा २०,००० चौरस मीटर बांधकामाची आहे. एखादे मोठे सरकारी रुग्णालय किंवा प्रशासकीय संकुल तिच्यात येते, तर गावची शाळा किंवा पंचायत कार्यालय त्यात येत नाही.

दुसरी पायरी : पायाखालची जमीन कोणत्या दर्जाची आहे ते पाहा

प्रकल्पाचा आराखडा हाती आला की त्यातील प्रत्येक सर्व्हे नंबरचा उतारा काढावा आणि त्याशेजारी वन खात्याचा नकाशा ठेवावा. केवळ उताऱ्यावर भरवसा ठेवणे धोक्याचे आहे, कारण महसुली नोंदीत पडीक किंवा गायरान असलेली जमीन वन खात्याच्या यादीत मानीव वन असू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातील आदेशाने जंगल या शब्दाचा शब्दकोशातील अर्थ ग्राह्य धरला आणि अशा जमिनींनाही वन संवर्धन कायद्याचे संरक्षण मिळाले. २०२३ च्या दुरुस्तीने या कायद्याचे नाव बदलले, १ डिसेंबर २०२३ पासून ती अंमलात आली आणि नोंद नसलेली जंगले कायद्याबाहेर जातील अशी रचना झाली. त्यानंतर १९ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने १९९६ चाच अर्थ तूर्त पाळण्यास सांगितले. म्हणजे कायद्याचे पुस्तक वाचून एक उत्तर मिळते आणि न्यायालयाचा आदेश वाचून दुसरे. ज्या अधिकाऱ्याने केवळ पुस्तक वाचले आहे त्याला आदेशाची प्रत नम्रपणे, पण लेखी पत्रासोबत द्यावी.

त्याच दुरुस्तीत सरकारी रस्ता किंवा लोहमार्ग यांच्या कडेच्या वस्तीला वाट मिळावी म्हणून ०.१० हेक्टरपर्यंतच्या वनजमिनीला सूट आहे. खानापूरच्या पश्चिमेकडील वाड्यांसाठी ही तरतूद उपयोगाची आहे आणि पंचायतीने तिचा आधार जरूर घ्यावा. पण ०.१० हेक्टर म्हणजे जेमतेम दहा गुंठे. सात मीटर रुंदीची वाट धरली तर दीडशे मीटरच्या आतच ही सूट संपते.

वनजमीन वळवण्याची मंजुरी दोन टप्प्यांत मिळते. पहिल्या टप्प्यात तत्त्वतः मान्यता आणि अटी येतात. पर्यायी वनीकरणाची जमीन, निव्वळ वर्तमान मूल्याची, म्हणजे गमावल्या जाणाऱ्या जंगलाच्या मोलाची रक्कम वगैरे अटी पूर्ण झाल्यावर दुसऱ्या टप्प्याची अंतिम मान्यता मिळते. वर्तमानपत्रात 'वन खात्याची मंजुरी मिळाली' अशी बातमी येते तेव्हा ती बहुधा पहिल्या टप्प्याची असते. कुदळ मारण्याआधी दुसऱ्या टप्प्याचे पत्र पाहायला मागावे.

वनहक्क कायदा २००६ चा मुद्दाही याच पायरीवर येतो. गवळी, आमगाव, कोंगळा यांसारख्या जंगलातील गावांना तो थेट लागू पडतो. २०१३ च्या फेब्रुवारीत रस्ते, कालवे, वीजवाहिन्या अशा रेषीय प्रकल्पांसाठी ग्रामसभेच्या संमतीची अट सैल झाली आणि २०२२ च्या नियमांनी हक्कांची पूर्तता झाली की नाही हे पाहण्याची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. संमतीची अट सैल झाली म्हणून दावे निकाली काढण्याचे बंधन संपलेले नाही. प्रलंबित दाव्यांची यादी ग्रामसभेच्या ठरावासह आधीच तहसीलदार आणि समाजकल्याण खात्याकडे पोहोचलेली असावी. जंगलातल्या माणसाचा हक्क सर्वांत शेवटी आठवला जातो, आणि ती रीत बदलायची असेल तर हा कागद सर्वांत आधी गेला पाहिजे.

भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झाले, तर काळी व्याघ्र प्रकल्प शेजारच्या उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यात आहे आणि घटप्रभा पक्षी अभयारण्य गोकाक तालुक्यात. अभयारण्याच्या सीमेभोवती किमान १ किलोमीटरचे संवेदनशील क्षेत्र असावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२२ रोजी दिला आणि २६ एप्रिल २०२३ रोजी तो बदलून, जेथे स्वतंत्र मसुदा किंवा अंतिम अधिसूचना आहे तेथे तिचीच सीमा मानावी असे सांगितले. अभयारण्यात आणि त्याच्या सीमेपासून १ किलोमीटरच्या आत खाणकामाला असलेली मनाई मात्र कायम आहे. हा तपशील खडीचा दर काढणाऱ्या कंत्राटदारालाही तितकाच महत्त्वाचा आहे.

पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा विषय याहून नाजूक आहे. १० मार्च २०१४ पासून केंद्राने या क्षेत्राचे मसुदे पुन्हा पुन्हा काढले आणि सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा आहे. एकूण सुमारे ५६,८२५ चौरस किलोमीटरपैकी २०,६६८ चौरस किलोमीटर क्षेत्र एकट्या कर्नाटकात येते आणि राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या सप्टेंबरात या क्षेत्राची शिफारस करणारा कस्तुरीरंगन समितीचा अहवाल फेटाळला. खानापूर तालुक्यातील गावे या याद्यांमध्ये आहेत. मसुदा हा अंतिम कायदा नसतो, हे खरे आहे. पण १३ नोव्हेंबर २०१३ रोजी केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली स्वतंत्र निर्देश काढून या क्षेत्रात खाणी, दगडखाणी, वाळूउपसा, औष्णिक वीजप्रकल्प, २०,००० चौरस मीटरवरील बांधकामे आणि अतिप्रदूषणकारी उद्योग यांच्या नव्या प्रस्तावांना रोखले. 'मसुदा अजून अंतिम नाही, मग अडचण कसली' असे कोणी सभेत म्हणाले, तर त्या निर्देशाची तारीख त्यांच्यापुढे ठेवावी. रस्ता, शाळा, दवाखाना किंवा शेती यांवर या निर्देशाने बंदी येत नाही, हेही त्याच दमात सांगावे. गावोगावी पसरलेली भीती मुख्यतः अर्धवट माहितीतून आलेली आहे.

तिसरी पायरी : तारखांची वही ठेवा

माझ्या मते या संपूर्ण मार्गदर्शनातील सर्वांत महत्त्वाचे काम हेच आहे. एक साधी वही घ्यावी. डाव्या पानावर प्रकल्पाच्या तारखा लिहाव्यात, म्हणजे प्रशासकीय मान्यता, निविदा, अर्ज, जनसुनावणी, पहिल्या टप्प्याचे पत्र, पर्यावरण मंजुरी, कार्यारंभ आदेश आणि प्रत्यक्ष खोदाई. उजव्या पानावर त्या काळात नियमांत झालेले बदल लिहावेत. दोन पाने शेजारी ठेवून वाचली की अडचण कुठे आहे ते दिसू लागते.

उजवे पान कसे भरायचे, याची तीन उदाहरणे पाहू.

रस्त्याच्या भरावासाठी लागणाऱ्या साध्या मातीच्या उत्खननाला २८ मार्च २०२० च्या अधिसूचनेने पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यात, लोकांच्या हरकती न मागवता ही सूट देण्यात आली होती. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली आणि २०२५ मध्ये केंद्राने मर्यादा व कार्यपद्धतीच्या अटी घालून ती नव्या रूपात आणली. आता समजा, हलगा किंवा मच्छेच्या बाजूला एखाद्या बायपासचा भराव २०२३ ते २०२५ या काळात झाला. त्याच्या मातीला तीन वेगवेगळ्या काळांत तीन वेगवेगळे नियम लागू झाले असते. माती कुठून आणली, एवढेच विचारून भागत नाही. ती कोणत्या महिन्यात आणली, हेही वाहतुकीच्या पावत्यांवरून पाहावे लागते.

दुसरे उदाहरण इमारतींचे आहे. २९ जानेवारी २०२५ च्या अधिसूचनेने औद्योगिक शेड, शाळा, महाविद्यालये, वसतिगृहे अशा बांधकामांना सूट दिली. त्या सूटीला पुढच्याच महिन्यात स्थगिती मिळाली आणि ५ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सूट देणारे कलम रद्द केले. ज्या संस्थेने जानेवारीतील अधिसूचना वाचून आराखडे पुढे नेले आणि नंतरचे आदेश पाहिले नाहीत, तिचे काम अडणार हे उघड आहे.

तिसरे उदाहरण सर्वांत मोठे आहे, कारण ते सरकारी पैशाशी थेट जोडलेले आहे. काम आधी सुरू करून मंजुरी नंतर घेण्याची वाट १४ मार्च २०१७ ची अधिसूचना आणि ७ जुलै २०२१ चे ज्ञापन यांनी खुली केली होती. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही दोन्ही रद्द करून अशी कार्योत्तर मंजुरी यापुढे देऊ नये असे बजावले. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो निकाल मागे घेतला आणि प्रकरण नव्याने सुनावणीसाठी ठेवले. बहुमताने दिलेल्या कारणांमध्ये सुमारे २०,००० कोटी रुपयांची सार्वजनिक कामे पाडावी लागण्याची शक्यता होती आणि त्यात आपल्याच राज्यातील विजयनगर येथील विमानतळाचा उल्लेख होता. भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी पूर्वमंजुरीच्या तत्त्वावर ठाम भूमिका घेतली. व्यक्तिशः मला ते भिन्न मत अधिक पटते. जनतेचा पैसा ओतून झाल्यावर 'आता पाडायचे कसे' असा प्रश्न विचारायची वेळ आणणे, हाच मूळ दोष आहे आणि कार्योत्तर मंजुरीने तो दोष पुन्हा पुन्हा घडतो. पण मत काहीही असो, वहीत आजची स्थिती लिहायची असते. कार्योत्तर मंजुरीच्या आशेवर कोणत्याही पंचायतीने किंवा खात्याने काम सुरू करू नये, कारण ती वाट पुढे खुली राहील याची हमी नाही.

उजवे पान भरताना कागदाचा अधिकार ओळखावा. संसदेचा कायदा सर्वांत वर येतो, त्याखालची अधिसूचना राजपत्रात छापली जाते आणि कार्यालयीन ज्ञापन हे मंत्रालयाने दिलेले स्पष्टीकरण असते. ज्ञापनाने अधिसूचनेतील अट काढून टाकता येत नाही, आणि ज्या सवलती न्यायालयात टिकल्या नाहीत त्यांतील काही याच कारणाने कोसळल्या. मसुद्याला तर बंधनकारक बळ नसतेच. २०२० च्या नव्या पर्यावरण आघात मूल्यांकन मसुद्यात जनसुनावणीच्या सूचनेची मुदत ३० वरून २० दिवसांवर आणण्याचा प्रस्ताव होता. तो मसुदा अंतिम झालेला नाही, तेव्हा ३० दिवस कायम आहेत.

चौथी पायरी : 'परिवेश' पोर्टलवरील पत्र पूर्ण वाचा

केंद्राच्या 'परिवेश' पोर्टलवर पर्यावरण, वन आणि वन्यजीव या मंजुऱ्यांचे अर्ज, बैठकींची इतिवृत्ते आणि मंजुरीपत्रे पाहता येतात. प्रस्ताव क्रमांक मिळाला की शोध सोपा होतो, आणि हा क्रमांक प्रकल्प राबवणाऱ्या कार्यालयाकडे असतोच. पत्रातील पहिली दोन पाने सर्व जण वाचतात. कामाच्या अटी मात्र शेवटी असतात. ओढ्यांवरील मोऱ्यांची संख्या, तोडायची आणि लावायची झाडे, भरावासाठी शेतातील सुपीक माती न वापरण्याची अट, ढिगारे कुठे टाकायचे त्याची जागा, या गोष्टी तेथे सापडतात. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे पाणी दर पावसाळ्यात शिवारात शिरते तेव्हा आपण नाल्याला दोष देतो. पण त्या परिसरात नवा भराव पडणार असेल, तर पाण्याच्या वाटा किती आणि कोठे ठेवल्या आहेत, हे मंजुरीच्या कागदात आधी पाहता येते.

मंजुरीची मुदतही पाहावी. २०२२ च्या एप्रिलमधील दुरुस्तीने नदीखोरे प्रकल्पांच्या मंजुरीची मुदत १३ वर्षे आणि रस्त्यांसारख्या बहुतेक प्रकल्पांची १० वर्षे झाली.

झाडांसाठी राज्याचा १९७६ चा वृक्षसंरक्षण कायदा वेगळा आहे. सार्वजनिक कामासाठी ५० पेक्षा अधिक झाडे तोडायची असतील, तर वृक्ष अधिकाऱ्याने जाहीर सूचना काढून हरकती मागवायच्या असतात. या हरकतींची मुदत थोडी असते, म्हणून सूचना फलकावर लागताच तिचे छायाचित्र तारखेसह ठेवावे.

पाचवी पायरी : जनसुनावणीला तयारीने जा, आणि भाषेचा हक्क वापरा

जनसुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते आणि जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हाधिकाऱ्यांहून कमी नाही अशा दर्जाचा अधिकारी तिचे अध्यक्षस्थान भूषवतो. सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतील दैनिकात येते. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा पंचायत, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित स्थानिक संस्था येथे पाहण्यासाठी ठेवलेला असतो. जमीन वाढवून न घेता होणाऱ्या रस्तारुंदीकरणाला आणि इमारतींना जनसुनावणी लागत नाही.

आपल्या भागातील खरी अडचण भाषेची आहे. अहवालाचा गोषवारा इंग्रजीत आणि कन्नडमध्ये असतो आणि खानापूर किंवा येळ्ळूरच्या मराठी शेतकऱ्याला त्यातील तांत्रिक भाग समजत नाही. येथे संविधानाचे कलम ३५० कामी येते. गाऱ्हाणे दूर करण्यासाठी केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क ते प्रत्येकाला देते. त्यामुळे लेखी हरकत मराठीत देता येते. तरीही माझा आग्रहाचा सल्ला असा की मराठी हरकतीसोबत तिचा कन्नड किंवा इंग्रजी अनुवाद जोडावा. हक्क सोडण्यासाठी हा अनुवाद द्यायचा नाही. आपला मुद्दा बंगळूरच्या आणि दिल्लीच्या समितीपर्यंत अचूक पोहोचावा, एवढ्यासाठी तो द्यायचा आहे. माहिती अधिकाराची बाब वेगळी आहे, कारण त्या कायद्याच्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा असतो. म्हणून तो अर्ज कन्नड, हिंदी किंवा इंग्रजीतच लिहावा आणि परत येण्याची वेळ आणू नये.

सभेत बोलताना नुकसानभरपाईचा आणि पर्यावरणाचा मुद्दा एकत्र मिसळू नये. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनावरील हरकत १९५६ च्या कायद्याखाली राजपत्रातील सूचनेपासून २१ दिवसांत वेगळ्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तिची मुदत जनसुनावणीची वाट पाहत थांबत नाही. जनसुनावणीत विहिरींची पातळी, ओढ्याचा प्रवाह, पिकाऊ जमिनीचे दोन भाग होणे, जनावरांची वाट, धूळ, पर्यायी मार्ग असे मुद्दे सर्व्हे नंबरसह मांडावेत. सभेला येता न आल्यास लेखी म्हणणे मंडळाकडे पाठवता येते. सभेच्या शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचे इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचे असते, तेव्हा तोपर्यंत सभागृह सोडू नये. आपला मुद्दा सुटला असेल तर तेथेच उभे राहून तो नोंदवून घ्यावा.

सहावी पायरी : कंत्राटदार आणि अभियंत्यांसाठी

सार्वजनिक बांधकाम खात्याच्या अंदाजपत्रकात खडी, मुरूम आणि वाळू यांचे दर ठरलेले असतात, पण त्या दरामागे कायदेशीर खाण उपलब्ध आहे असे गृहीत धरलेले असते. २७ फेब्रुवारी २०१२ च्या निकालानंतर ५ हेक्टरपेक्षा लहान दगडखाणींनाही पर्यावरण मंजुरी लागू झाली. २०१६ मध्ये तो अधिकार जिल्हास्तरीय प्राधिकरणांना मिळाला आणि २०१८ मधील राष्ट्रीय हरित लवादाच्या, म्हणजे पर्यावरणविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर तो पुन्हा राज्यस्तरावर गेला. जिल्हा प्राधिकरणाने दिलेल्या जुन्या मंजुऱ्यांची फेरतपासणी करण्याचे २०२३ मध्ये ठरले. म्हणून क्रशरचालकाशी दर ठरवण्याआधी त्याच्या मंजुरीपत्राची तारीख आणि ते देणारे प्राधिकरण पाहावे. जवळची खाण बंद झाली तर खडी दूरवरून आणावी लागते आणि वाहतुकीचा फरक कंत्राटदाराच्या अंगावर पडतो.

करारातील 'कायद्यातील बदल' हे कलम याच वेळी उपयोगी पडते. साधारणपणे निविदा भरण्याच्या अंतिम दिवसाआधीची एक आधारतारीख करारात ठरलेली असते. तिच्यानंतर नियम बदलून खर्च वाढला तर भरपाई मागता येते, आधीच लागू असलेल्या नियमासाठी ती मागता येत नाही. न्यायालयाच्या निकालाने अर्थ बदलला तर तो 'कायद्यातील बदल' ठरतो का, हे प्रत्येक करारातील शब्दांवर अवलंबून आहे. ते शब्द निविदापूर्व बैठकीतच विचारून उत्तर लेखी घ्यावे. नोटीस देण्याची मुदत पाळली नाही तर न्याय्य मागणीही फेटाळली जाते.

राखेचा नियमही विसरू नये. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेनुसार कोळशावरील वीजकेंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आतील सरकारी रस्ते आणि भराव यांच्या कामात राखेचा वापर बंधनकारक आहे. विजापूर जिल्ह्यातील कुडगी केंद्र आपल्यापासून या अंतराच्या बरेच आत आहे. बांधकाम आणि पाडकामाच्या ढिगाऱ्याचे २०२५ चे नवे नियम १ एप्रिल २०२६ पासून लागू होतात. त्या दिवसानंतर चालू राहणाऱ्या कामाच्या अंदाजपत्रकात त्यांची तरतूद असली पाहिजे.

सातवी पायरी : मंजुरीनंतर पंचायतीने करायचे काम

मंजुरीपत्राची प्रत स्थानिक संस्थांना देणे प्रकल्पकर्त्यावर बंधनकारक आहे आणि ती मिळाल्यापासून ३० दिवस फलकावर लावणे ही पंचायतीची जबाबदारी आहे. पंचायत विकास अधिकाऱ्यांनी (पीडीओ) त्या प्रतीवर आवकेचा शिक्का आणि तारीख न चुकता घालावी. राष्ट्रीय हरित लवादाकडे अपील करण्याची मुदत आदेश कळल्यापासून ३० दिवस असून सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. त्यापुढे लवादालाही दार उघडता येत नाही. मुदत मोजताना पोर्टल, वर्तमानपत्र आणि पंचायतीचा फलक यांपैकी सर्वांत आधीची तारीख धरणे सुरक्षित असते.

प्रकल्पकर्त्याने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी अटींच्या पूर्ततेचा अहवाल सादर करायचा असतो. हा अहवाल आणि प्रत्यक्ष काम यांची तुलना ग्रामसभेत वर्षातून दोनदा झाली, तर कितीतरी गोष्टी लवादापर्यंत न जाता सुटतील. अहवालात दहा मोऱ्या आणि जागेवर सात असतील, तर छायाचित्रे, साखळी क्रमांक (रस्त्यावरील अंतराची खूण) आणि ठराव जोडून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाला आणि मंत्रालयाच्या बंगळूर येथील प्रादेशिक कार्यालयाला पत्र द्यावे. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातील तुरुंगवासाच्या जागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आला आहे. त्यामुळे तक्रारीत 'गुन्हा नोंदवा' असे लिहिण्याऐवजी कोणत्या अटीचा भंग झाला आणि तो कसा दुरुस्त करता येईल, हे लिहिल्यास कार्यवाही लवकर होते.

लवादाकडे जावेच लागले, तर सीमाभागातील लोकांची हमखास होणारी एक गल्लत टाळावी. बेळगावहून पुणे जवळ आहे आणि महाराष्ट्र व गोवा यांची प्रकरणे पुण्याच्या पश्चिम पीठाकडे जातात, पण कर्नाटकातील प्रकल्पाचे प्रकरण चेन्नईच्या दक्षिण पीठाकडेच दाखल करायचे असते. अपिलासोबत मंजुरीपत्र, आवकेचा शिक्का असलेली प्रत, जनसुनावणीतील आपली लेखी हरकत, तिचा अनुवाद आणि तारखांच्या वहीतील दोन्ही पानांच्या प्रती जोडाव्यात. चुकीच्या पीठाकडे पाठवलेला अर्ज परत येईपर्यंत ३० दिवस सहज निघून जातात.